पापाच्या डोक्यावर पेन

उवांच्या गोष्टींचं उवांसारखंच असतं. एक काढली की मागून चार निघतात. आमच्या अण्णा नगरच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपाशी दोन-तीन आया उभ्या असल्या आणि त्यातल्या एकीने नुसतं डोकं खाजवलं, तरी पुढचा अर्धा तास कोणी घरी जात नाही. प्रत्येकीकडे किस्सा असतो, आणि प्रत्येक किस्सा दुसरीच्या मुलापासून सुरू होतो. "आमच्यापासूनच सुरुवात झाली" असं कबूल करणारी आई मला अजून भेटायची आहे.

मीही कबूल करणार नाही. पण झाल्या, हे खरं. आमची ईशा तिसरीत, आणि केस कमरेपर्यंत. तिला स्वतःबद्दल अभिमान वाटतो अशा दोनच गोष्टी आहेत. एक हे केस आणि दुसरी म्हणजे तिला शिट्टी वाजवता येते. शिट्टी शाळेत चालत नाही, त्यामुळे सगळी भिस्त केसांवर.

*

आम्ही पुण्याहून चेन्नईला आलो त्याला तेव्हा तीनच महिने झाले होते. संदीप, म्हणजे माझा नवरा, कारच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. त्याला कानावर पेन अडकवून फिरायची सवय. आंघोळीला जाताना पेन काढतो, एवढंच. सकाळी ईशाला खाली शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडायला तोच जायचा.

व्हॅनमध्ये मुलांना सांभाळायला एक आयाम्मा असतात. त्यांनी एक दिवस मला दुपारी गाठलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "मॅडम, पापा तलैल पेन इरुक्कु."

माझं तमिळ तेव्हा भाजीवाल्यापुरतं होतं. पण तलै म्हणजे डोकं आणि इरुक्कु म्हणजे आहे, एवढं मला येत होतं. पापा आणि पेन तर काय, आपलेच शब्द. पापाच्या डोक्यावर पेन आहे. बरोबरच होतं की! मी हसून म्हटलं, "हो हो, त्यांना सवयच आहे."

आयाम्मांना माझं हसणं आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "निरैय इरुक्कु." म्हणजे खूप आहेत.

मी घरी येऊन संदीपला सांगितलं, "उद्यापासून कानाला पेन लावून खाली जाऊ नकोस. आयाम्मांना खटकतं."

"त्यांना काय करायचंय?"

"आणि खूप आहेत म्हणाल्या."

"एकच तर असतं," संदीप म्हणाला. पण भला माणूस आहे. दुसऱ्या दिवशी कोरा कान घेऊन खाली गेला. दुपारी आयाम्मा पुन्हा माझ्यासमोर. "मॅडम, पापा तलैल पेन!"

आता मात्र मला राग आला. मी मोडक्या इंग्रजी-तमिळमध्ये सांगितलं की पापाने आज पेन घरी ठेवलं आहे, वाटल्यास वर येऊन बघा. आयाम्मांनी माझ्याकडे बघितलं, ईशाची वेणी उचलली, कानामागे दोन बोटं घातली आणि काय ते काढून माझ्या समोर नखावर धरलं. ते चालत होतं.

शेजारच्या फ्लॅटमधल्या सरोजाबाई तिथेच नातीला न्यायला उभ्या होत्या. त्या तंजावरकडच्या मराठी, शाळेतून शिक्षिका म्हणून रिटायर झालेल्या. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी घराणं इकडे आलं आणि मराठीही त्यांनी तेव्हाचीच जपून ठेवली आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "अय्यो, माय. पेन म्हणजे ऊ. पापा म्हणजे लेकरूं. तूं काय समजलीस?"

मी काय समजले ते मी त्यांना सांगितलं नाही. संदीपने मात्र ते कारखान्यात सगळ्यांना सांगितलं आहे.

इथे पंख्यालाही बरेच जण पेनच म्हणतात, हे पुढच्या आठवड्यात कळलं. इलेक्ट्रिशियनने दारातूनच विचारलं, "पेन ओडुदा, मॅडम?" पेन पळतंय का? माझा हात आपोआप डोक्याकडे गेला.

*

औषधाच्या दुकानात मी मुद्दाम गर्दी नसलेली वेळ बघून गेले. गर्दी होती. काउंटरवर वाकून, इंग्रजीत, जितकं हळू बोलता येईल तितकं हळू बोलून शॅम्पू मागितला. दुकानदाराने माझ्याच आवाजात, तितक्याच हळू विचारलं, "डँड्रफ?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"ओ!" असं म्हणून त्याने आत तोंड करून असा आवाज दिला की सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षावाल्यानेही वळून बघितलं. "पेन शॅम्पू! पेरुसा, चिन्नदा?"

मोठी की छोटी. माझ्या आजूबाजूची माणसं एकेक पाऊल मागे सरकली. मी घाईघाईने "चिन्नदु, चिन्नदु" म्हटलं, म्हणजे निदान प्रकरण किरकोळ आहे असं वाटावं.

मागे न सरकलेली एकच बाई होती. गळ्यात आयटी कंपनीचं कार्ड, डोळ्यांखाली काळं. ती पुढे आली आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाली, "पेरुसु. दोन द्या." आणि माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत, "तुमचं नवीन दिसतंय."

ही वैशाली. नाशिकची. आमच्याच बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर राहते. ती मराठी आहे आणि तिचा ओम ईशाच्याच व्हॅनमध्ये जातो, हे मात्र त्या दुकानात कळलं. त्याआधी लिफ्टमध्ये आम्ही महिनाभर एकमेकींशी इंग्रजीत हवापाण्याचं बोलत होतो.

*

शॅम्पूने उवा गेल्या. दोन आठवड्यांनी परत आल्या. पुन्हा शॅम्पू, पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या, उशा गच्चीवर टाकल्या. माझं काम घरून चालतं आणि मीटिंगा नेमक्या संध्याकाळी असतात. कॅमेऱ्यासमोर बसून मी महिन्याचे आकडे वाचायची आणि माझंच डोकं खाजायला लागायचं. खाजवावं तर सगळ्यांना दिसणार, न खाजवावं तर आकडे चुकणार.

एक दिवस माझा तोल सुटला. मी ईशाला समोर उभं करून सांगितलं, "आता पुन्हा एक जरी ऊ सापडली ना, तर पार्लरमध्ये नेऊन सरळ बॉयकट करणार. मग रडायचं नाही."

ईशाने दोन्ही वेण्या हातात घट्ट धरल्या. शाळेच्या ॲन्युअल डेच्या नाचात तिला पहिल्या रांगेत घेतलं होतं, ते ताल चांगला म्हणून नव्हे, लांब वेणी म्हणून. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. "एकसुद्धा?" तिने विचारलं.

"एकसुद्धा," मी म्हटलं. संदीपने मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण त्याच्या डोक्यावर बोलण्याइतके केस उरलेले नाहीत, त्यामुळे त्याचं मत मी धरलं नाही.

*

मग व्हॅनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर युद्ध सुरू झालं. कोणीतरी सकाळी सकाळी लिहिलं, "काही मुलांच्या घरी स्वच्छतेकडे लक्ष दिलं जात नाही असं दिसतं." नाव कोणाचंच नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच लागलं. पाठोपाठ आमच्या घरात असं काही कधी झालेलं नाही, असं सांगणारे मेसेज आले. त्यातला एक वैशालीचा होता. मी तिला वेगळा मेसेज केला, "पेरुसु दोन?" तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

शेवटी प्रत्येकीने व्हॅनचे ड्रायव्हर मुरुगनअण्णा यांना आपापला आदेश दिला. माझ्या मुलाला खिडकीपाशी बसवा आणि शेजारी कोणाला बसवू नका. मुरुगनअण्णा सहसा ग्रुपवर काही लिहीत नाहीत. त्या दिवशी त्यांनी बोलून मेसेज पाठवला. आवाज अगदी नम्र होता.

"सरी, मॅडम. सगळ्या मुलांना खिडकी, शेजारी कोणी नाही. उद्यापासून बस आणतो. तुम्ही सगळ्या मिळून रस्ता रुंद करून द्या."



*

वैशालीच्या नवऱ्याने, निखिलने, हा प्रश्न इंजिनियरसारखा सोडवायचं ठरवलं. रविवारी ओमला सलूनमध्ये नेलं आणि पूर्ण चकोट करून आणलं. उवांना राहायला जागाच नाही. निखिल स्वतःवर इतका खूश होता की त्याने आम्हाला चहाला बोलावलं.

पण पुण्या-नाशिककडे मुलाचं डोकं चकोट दिसलं की लोक विचारतात, "उवा का?" चेन्नईत कोणाच्या मनातही तसं येत नाही. इथे मोट्टै म्हणजे नवस फेडला. लिफ्टमध्ये पहिल्याच आजोबांनी ओमच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला आणि विचारलं, "तिरुपतिया, पळनिया?"

निखिल देवळात जात नाही. हे तो एरवी न विचारता सांगतो. पण लिफ्टमध्ये आजोबांच्या हाताखाली ओमचं चकचकीत डोकं, शेजारी चार माणसं, आणि खरं उत्तर उवा. तो म्हणाला, "तिरुपती."

संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं. वॉचमनने विचारलं, लाडू? इस्त्रीवाल्याने विचारलं, लाडू? निखिलच्या ऑफिसात त्याच्या मॅनेजरने खास बोलावून अभिनंदन केलं आणि म्हणाला, प्रसाद आणला असशीलच. आता काय करणार? निखिल कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातून दोन किलो लाडू घेऊन आला, वैशालीने ते वर्तमानपत्राच्या कागदात बांधले आणि मजल्यामजल्यावर वाटले.

लिफ्टमधल्या त्या आजोबांनी लाडू डोळ्यांना लावला, तोंडात टाकला, बराच वेळ चघळला. मग वैशालीला म्हणाले, "अम्मा, केस कुठे दिले ते देवाला माहीत. लाडू मात्र अण्णा नगरचा आहे."

ओमच्या डोक्यातल्या उवा गेल्या, एवढं मात्र खरं. वैशाली म्हणते, घरातली अब्रू गेली ती वेगळीच.

*

"रॉकेल लाव," माझी आई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "आम्ही तुला लावलं होतं."

"आई, आता रॉकेल मिळत नाही. आणि मिळालं तरी लावणार नाही."

तेवढ्यात सरोजाबाई नातीला घेऊन आत आल्या. त्यांची नात यमुना ही ईशाची जिवलग मैत्रीण. दोघी कायम डोक्याला डोकं लावून काहीतरी कुजबुजत असतात, म्हणजे रोग कुठून येतो-जातो ते वेगळं सांगायला नको. सरोजाबाईंनी फोनमध्ये डोकावून माझ्या आईला सांगितलं, "रॉकेल नको हो. आमच्याकडे कडुनिंब वाटून लावतात. सीताफळाच्या बिया असल्या तर बेस."

"बिया आमच्याकडेही लावतात," आई म्हणाली. "डोळ्यांत गेल्या तर आग आग होते."

"होते की. मग मूल जागचें हलत नाही. बरें पडतें."

दोघींचं इतकं जमलं की आता त्या मला वगळून एकमेकींना फोन करतात. मी मात्र डॉक्टरांकडे गेले. लहान मुलांच्या डॉक्टर, वयस्कर, अड्यारहून आठवड्यातून दोनदा इकडे येणाऱ्या. त्यांनी विचारलं, "आतापर्यंत काय काय लावलं?"

मी दोन प्रकारचे शॅम्पू, कडुनिंब, कापूर, व्हिनेगर आणि एकदा रागाच्या भरात मेयोनीज सांगितलं. इंटरनेटवर होतं. लोक रॉकेल आणि बियाही सुचवत आहेत, असं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"ते दोन्ही घरात येऊ देऊ नका. मुलीचे डोळे जातील, उवा नाही जाणार." मग त्यांनी ईशाच्या डोक्याकडे बघितलं. "तिचे उवांनी जेवढे हाल केले नाहीत तेवढे तुम्ही केले आहेत."

मी म्हटलं, "केस कापूनच टाकते."

"कशाला? केस ओले करा, भरपूर कंडिशनर लावा, बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरा. रोज. पूर्ण तास लागला तरी चालेल. दोन आठवडे सोडू नका. घरातल्या सगळ्यांची डोकी बघा."

ईशाने माझ्याकडे बघितलं. "चालेल?" तिने विचारलं.

"ही शेवटची संधी," मी म्हटलं. "यानंतर एक जरी सापडली तर पार्लर."

*

मध्येच हेही सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. नाचाच्या सरावाला मी एकदा लवकर पोचले. ज्यांचे केस आखूड त्या मुलींसाठी नाचाच्या मिसकडे गंगावनं होती. इथे त्याला सवुरी म्हणतात. एका पिशवीत दहा-बारा गंगावनं, आणि पिशवी या मुलीकडून त्या मुलीकडे फिरत होती. एकीच्या डोक्यावरचं काढून दुसरीच्या डोक्यावर.

मला घेरीच यायची बाकी होती. मी शक्य तितक्या सौम्यपणे विचारलं की ही धुतात कधी?

मिस दुखावल्या. "मॅडम, ही सवुरी माझ्या गुरूंच्या वेळेपासून आहे. आजपर्यंत एकीनेही तक्रार केली नाही."

मी आणि वैशालीने मिळून ती पिशवी मागून घेतली आणि एका बादलीत उकळतं पाणी घालून तीत बुडवली. दहा-बारा वेण्या गच्चीवर दोरीला वाळत घातल्या होत्या. संध्याकाळी पाण्याची टाकी बघायला वर गेलेला वॉचमन परत खाली आला तो देवाचं नाव घेतच. दुसऱ्या दिवसापासून तो टाकी खालूनच बघतो.

*

तर ते दोन आठवडे. रोज संध्याकाळी सात वाजले की ईशा ओले केस घेऊन माझ्यासमोर पाटावर. माझे हात कोपरापर्यंत कंडिशनरने बरबटलेले, त्यामुळे फोन उचलता यायचा नाही, लॅपटॉपला हात लावता यायचा नाही. मीटिंगा बुडाल्या. ऑफिसला काय सांगणार? मी "फॅमिली मेडिकल" असं लिहून टाकलं, तर साहेबाने काळजीने फोन केला आणि तो मला उचलता आला नाही.

ईशाची मात्र तोंडाची टकळी सुरू. वर्गात कोण कोणाचा डबा खातं, मिस रागावल्या की कोणती भुवई वर जाते, मुरुगनअण्णा सिग्नलला कोणतं गाणं म्हणतात. मध्येच मला म्हणायची, "तुझ्या लहानपणीचं सांग." मी सांगायची. काय करणार, सुटका नव्हती. पाठ मोडून यायची, मान दुखायची, आणि रोज संपताना मी म्हणायची, एकदाचं संपू दे हे सगळं.

आणि संपलं. डॉक्टरांनी भिंग लावून तपासलं आणि सांगितलं, डोकं स्वच्छ आहे, लीखसुद्धा नाही. मला इतकं हलकं वाटलं की येताना मी ईशाला आइस्क्रीम दिलं. पार्लर टळलं, केस वाचले, पहिली रांग वाचली. सरोजाबाईंनाही सांगितलं, त्यांनीही यमुनाचं डोकं तसंच विंचरून काढलं होतं.

त्या संध्याकाळी सातला मी लॅपटॉप उघडून बसले. कितीतरी काम साठलं होतं. ईशा केस ओले करून आली आणि पाट ओढला.

"अगं, आता नको. संपलं ना ते," मी म्हटलं. "जा, खेळ."

"नुसतं विंचर."

"ईशा, मीटिंग आहे."

तिने पाट उचलून ठेवून दिला आणि ती बाहेर गेली. जिन्यात यमुना आली असावी, कारण दोघींचं कुजबुजणं ऐकू यायला लागलं. माझा माइक बंद होता. दार अर्धवट उघडं होतं.

"यमू, तुझ्याकडे अजून आहेत का गं?"

"इल्ल. अज्जीनं काढल्या सगळ्या." मग जरा थांबून, "मागं मानेपाशी खाजतंय. एखादी असेल."

"दे ना मला."

"तुझी अम्मा केस कापेल."

"कापेल तेव्हा कापेल," ईशा म्हणाली. "त्याच्या आधी रोज विंचरेल ना."